फ्रीजर, खोकं आणि शुक्रवारचा पिक्चर

३ ऑक्टोबर, शुक्रवार
बहरीनला येऊन तेरावा दिवस. व्हिजिट व्हिसा तीन महिन्यांचा, त्यातले तेरा दिवस गेले. जिदहफ्सचं हे दोन खोल्यांचं घर आता सवयीचं झालं. गार पाण्याचा नळ कुठला ते कळलं (तोही गरमच). खालच्या भट्टीत खुबूसच्या रोट्या कधी निघतात ते वासावरून कळतं.

सानियाचे बाबा जुम्म्याची नमाज पढून आले, जेवले, आणि मला वाटलं आता आडवे होतील. नाही. टीव्हीला एक काळी डबी जोडली आणि पिक्चर लावला. फिलिपिनो! लव्हस्टोरी! पन्नास वर्षांचा माणूस, मीना सलमान बंदरातल्या वर्कशॉपचा स्टोरकीपर, दाढी अर्धी पांढरी.

मी दारात उभी. म्हटलं, "हे काय?"
म्हणाले, "काय नाय. असाच."

(यापुढे सानियाचे बाबा म्हणजे सा.बा. वहीतसुद्धा नाव लिहायला हात धजत नाही. कोणी वाचलं तर हसेल. हसू दे.)

४ ऑक्टोबर
विचारलं तेव्हा कळलं. कंपनीच्या कामगार कॅम्पमध्ये नऊ वर्षं रोडेल नावाच्या एकाबरोबर एका खोलीत राहिले. फिलिपिनो वेल्डर. तो आता कायमचा घरी गेला, जाताना ही डबी देऊन गेला. दोनशेच्या वर पिक्चर आहेत. सगळे प्रेमाचे. "रोडेल दुसरा काय बघायचाच नाय," म्हणाले. जसं काही यांना जबरदस्तीने दाखवले.

नऊ वर्षं मला फोनवर सांगायचे, शुक्रवारी झोपतो.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
मीही बसले बघायला. कोलंबी सोलायची होती, म्हटलं हातही चालतील आणि डोळेही.

गोष्ट साधीच. मासळी बाजारातली मुलगी, जहाजावर नोकरीला जाणारा मुलगा. मुलीची आजी, तीन मावश्या, लहान भावंडं, सगळी एकाच खोलीत, सगळ्यांना यांच्या प्रेमाची खबर, फक्त या दोघांना नाही. सारखी जेवतात. रडतानासुद्धा ताट पुढे असतं. हिरॉइनच्या कपाळावर तेल. आत्ता चुलीपासून उठून आल्यासारखी. आपल्या हिंदीतली हिरॉइन बर्फात नाचते, ही भांडी घासते.

गंमत अशी की खाली इंग्रजी अक्षरं यायच्या आधी सा.बा. हसतात. भाषा येते यांना! चांगली येते. तेवीस वर्षं संसार केला त्या माणसाला एक अख्खी भाषा येते आणि मला आज कळतंय.

शेवटी विमानतळ. मुलगी चाललीय, मुलगा धावत येतो. मी सा.बां.कडे बघितलं. डोळे पुसत होते. मला दिसलं हे त्यांना दिसलं. म्हणाले, "कोलंबीचा वास जातोय डोळ्यात."

वासाने डोळ्यात पाणी येतं ते कांद्याच्या. पण बरं.

१२ ऑक्टोबर
तेवीस वर्षं म्हणते खरी. लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात गेले. मग दोन वर्षांनी दोन महिने, पुन्हा दोन वर्षांनी दोन महिने. आज भाकऱ्या थापताना मोजलं. सगळी सुट्टी एकत्र केली तरी पुरती दोन वर्षं होत नाहीत. मी यांच्याबरोबर जेवढी राहिले त्यापेक्षा रोडेल जास्त राहिला.

अम्मा (सासूबाई) रमझानच्या आधी, शाबान महिन्यात वारल्या. सानिया रत्नागिरीला होस्टेलवर, फार्मसीचं शेवटचं वर्ष. खाडीपलीकडचं घर कुलपात. म्हणून मी आले. पहिल्यांदाच.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
आवाज ऐकून शेजारची फिलिपिनो मेरी जेन आली. सीफ भागातल्या सलूनमध्ये काम करते, चाळिशीची असेल. दोन मुलं तिकडे आईपाशी. हातात शेवयांचा बाऊल, दारातूनच सांगितलं, "चिकन, हलाल." मला आते म्हणते. आमच्याकडे आते म्हणजे बापाची बहीण, त्यांच्याकडे थोरली बहीण. चालेल.

तिचं इंग्रजी आणि माझं नववीतलं इंग्रजी मिळून गाडी चालते. मी विचारलं, रोज केस कापून दमतेस, मग सुट्टीला हे रडकं का बघता? तर म्हणाली, रडकं नाही, किलिग. म्हणजे आवडत्या माणसाने नुसतं बघितलं तरी पोटात जे होतं ते. त्यांच्याकडे त्याला शब्द आहे. आमच्याकडे त्याला काय म्हणतात, तिने विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे त्याला अजीर्ण म्हणतात. सा.बा. इतके हसले की ठसका लागला.

असे हसतात हे मला माहीत नव्हतं.

२९ ऑक्टोबर, बुधवार
सा.बा. चष्मा विसरून गेले. फोन केला तर म्हणे चालवून घेतो. काय चालवून घेणार, अक्षर दिसत नाही. टॅक्सी केली, एकटीने, आणि मीना सलमानला नेऊन दिला.

स्टोर बघितलं. छपरापर्यंत रॅक, प्रत्येक खणाला चिठ्ठी, नट-बोल्टसुद्धा आपापल्या घरात. काउंटरवर माणसं रांगेत. पद्धत अशी: मागणाऱ्याने स्लिप भरायची. वस्तू, नग, कशासाठी, खाली सही. सा.बा. चष्मा लावतात, स्लिपवरचं नाव मोठ्याने वाचतात, तो माणूस पुढे येतो, वस्तू घेतो, रजिस्टरमध्ये सही करतो. स्लिप नाही तर वॉशरसुद्धा नाही. एक बांगलादेशी पोऱ्या गयावया करत होता, "चाचा, यल्ला, जल्दी, एक ही तो है." सा.बा. शांतपणे, "स्लिप." खलास.

दहा मिनिटांत सात-आठ नावं घेतली. माझं कधी घेत नाहीत. "ऐकतेस का." मीही त्यांचं घेत नाही. आपल्यात कोण घेतं? पण पिक्चरमध्ये ती माणसं भांडतानासुद्धा एकमेकांची नावं घेऊन भांडतात.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
सहावा पिक्चर. आता मला चाल कळली. पाऊण पिक्चर हसवतात. मग एक मोठं भांडण. दोघं समोरासमोर उभी राहून पाच-पाच मिनिटं बोलतात, आत जे जे असेल ते सगळं बाहेर. तू मला कधी विचारलंस का, मी तेव्हा काय म्हणाले होते, तुझी आई, माझी आई, परदेश. नाक वाहतंय तरी बोलतायत. आणि दर वेळी एक जण परदेशी चाललेला. दुबई, हाँगकाँग. एकात तर बहरीनच होतं, सा.बां.नी रस्ता ओळखला.

आपल्याबद्दल असा पिक्चर कोणी काढला नाही. आमच्या गावात घराघरातला एक माणूस गल्फला, पण पिक्चरवाल्यांना ते दिसलं नाही. यांना दिसलं.

मेरी जेन म्हणाली, "आते, आमच्यात भांडण झाल्याशिवाय पिक्चर संपत नाही." आम्ही दोघं तर एकदाही भांडलो नाही. फोन आला की स्पीकरवर, बारा माणसं भोवती. जेवलीस? जेवले. पाऊस हाय? हाय. ठेवू? ठेवा.

१४ नोव्हेंबर
आज पिक्चर नाही, सा.बां.ना ओव्हरटाइम.

लिहूनच टाकते. मला राहायचंय. इथे, या दोन खोल्यांत. व्हिसा २० डिसेंबरला संपतो, त्याच दिवसाचं परतीचं तिकीट आहे. फॅमिली व्हिसा होऊ शकतो म्हणे, पण त्यांनी कंपनीत अर्ज द्यावा लागतो. ते काही बोलत नाहीत. मी कशी बोलू? तेवीस वर्षांत 'राहा' म्हणाले नाहीत. आता स्वतःहून गळ्यात पडू?

१९ नोव्हेंबर
फ्रीजर भरायला घेतला. जायचं तर यांच्या जेवणाची सोय करून जायला हवी. माणसाला मागे ठेवून कोणी जात असेल तर भरून जातं, आमच्यात रीतच आहे. ते सुट्टीवरून परत निघायचे तेव्हा मी मसाला, सांदणं, सुकटाची चटणी भरून द्यायची. आता निघणार मी, तर डबे त्यांना. हामूर माशाचं सुकं चार डबे, खिम्याचे कबाब साठ. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. स्टोरकीपरची बायको.

संध्याकाळी त्यांनी बर्फासाठी फ्रीजर उघडला. बराच वेळ उघडाच धरला. मग बंद केला. "बरंच केलंस," म्हणाले. बर्फ घ्यायचा राहिलाच.

२२ नोव्हेंबर
खोकं आणलं. स्टोरमधलं, पंपाचं, जाड पुठ्ठ्याचं. हॉलच्या कोपऱ्यात ठेवलं. "लागेल तुला," म्हणाले.

म्हणजे ठरलं. माझं जाणं यांच्या मनात पक्कं आहे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
पिक्चर बघताना आम्ही दोघं खोक्याकडे बघत नाही.

रोज काहीतरी येतं त्यात. दुधाच्या पावडरीचे डबे, खजूर, सानियाला परफ्यूम, मला एक ब्लँकेट वाघाचं चित्र असलेलं. मी रोज काहीतरी शिजवते. ते खोकं भरतायत, मी फ्रीजर. काल फ्रीजरचं दार लागेना, खुर्ची टेकवून ठेवली.

सानियाशी बोलले. म्हटलं, तू एकटी आहेस, मला यायलाच हवं. व्हॉइस मेसेज आला, "मम्मी, ये नाहीतर नको येऊ, युअर चॉइस. पण माझं नाव पुढे करू नकोस हां." पोरगी कोणावर गेलीय देव जाणे.

५ डिसेंबर, शुक्रवार
हवा छान झालीय, एसी बंद. दोन वेळा तोंड उघडलं. एकदा ते नमाजला निघाले म्हणून राहिलं. दुसऱ्यांदा म्हटलं, "मी काय म्हणते..." ते म्हणाले, "खोक्यात जागा हाय अजून, काय सांगायचा असेल तर सांग." मी म्हटलं, "पिस्ते."

पिस्ते! जीभ कापून टाकावी.

१२ डिसेंबर, शुक्रवार
घाईत लिहितेय, अक्षर कसंही येतंय.

मेरी जेन आणि मी स्वयंपाकघरात. ती मला त्यांचं चिकन शिकवत होती, व्हिनेगर घालतात ते. हॉलमध्ये रोडेलचा व्हिडिओ कॉल आला. सा.बा. त्याच्याशी त्यांच्याच भाषेत बोलतात. मला एक अक्षर कळत नाही, म्हणून आवाज खाली करायचं कारण नाही. मेरी जेन आत आहे हे यांच्या ध्यानातच नाही. मी कांदा कापत होते. ती एकदम थांबली. गॅस बारीक केला. माझं मनगट धरलं.

म्हणाली, "आते, तू जाणारेस म्हणून ते रडवेले झालेत."

तिने जेवढं ऐकलं, जेवढं सांगितलं, तेवढं लिहिते. हे म्हणाले, तिने फ्रीजर भरला, तेव्हाच मला कळलं तिचं ठरलंय, म्हणून खोकं आणलं. निदान रिकाम्या हाताने जायला नको. रोडेल म्हणाला, अरे मग विचार ना तिला. तर म्हणाले, एकदा विचारलं होतं. बारा वर्षं झाली. ती नाही म्हणाली. पुन्हा कोणत्या तोंडाने विचारू?

मी मेरी जेनला म्हटलं, खोटं. यांनी कधी विचारलेलं नाही.

१३ डिसेंबर
खोटं नाही.

सानिया नऊ वर्षांची होती. रमझान. फोन स्पीकरवर, अम्मा शेजारी, दोन नणंदा, जावा. म्हणाले होते, "कंपनी आता फॅमिली आणू देते. येतेस काय?" सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मी म्हटलं, "अम्मांना टाकून कशी येऊ?" सुनेने दुसरं काय म्हणायचं असतं? अम्मांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. पलीकडून म्हणाले, "बरा हाय. जेवलीस?"

मी विसरले नव्हते. बाजूला ठेवलं होतं. मला वाटलं होतं दुसऱ्यांदा विचारतील, मी एकटी असताना. वाट बघितली थोडे दिवस. मग बारा वर्षं त्यांच्यावर रुसून राहिले, आणि त्यांना पत्ताच नाही.

१४ डिसेंबर
मेरी जेन सलूनला निघताना जिन्यात भेटली. म्हटलं, तुमच्या पिक्चरमध्ये दर वेळी कोणीतरी दुसऱ्यांदा विचारायला येतं. इथे कोणी आलं नाही.

ती म्हणाली, "आते, इतके पिक्चर बघितलेस, एवढं कळलं नाही? विमानतळावर धावत कोण येतं? ज्याने आधी नाही म्हटलेलं असतं तो."

एकेक पिक्चर आठवून बघितला. खरं आहे. मासळीवालीच्या पिक्चरमध्ये तिने राहा म्हटलं होतं, मुलगा गेला होता, म्हणून धावला तोच.

म्हणजे धावायचं मला आहे. चव्वेचाळीस वर्षं वय, गुडघा दुखतो.

१६ डिसेंबर, मंगळवार
राष्ट्रीय दिनाची सुट्टी. रस्त्यावर लाल-पांढरे झेंडे. दुपारी समुद्रावर गेलो, खुबूस आणि कबाब घेऊन. माणसं नव्हती फार. आज सांगायचंच. पाठ केलं होतं.

"ऐका ना."
"थंडी वाजते?"
"नाही."
"मग?"
समोर एक पोरगी पतंग घेऊन पळत होती. आम्ही दोघं पतंगाकडे बघत राहिलो. मग म्हणाले, "कबाब चांगले झाले हायत."
"अजून बेचाळीस आहेत," मी म्हटलं.

त्यांनी हातातला कबाब परत डब्यात ठेवला. बेचाळीस आहेत म्हणजे काय ऐकलं त्यांनी ते मला आता कळतं. आमच्याकडे प्रेमसुद्धा डब्यात भरून देतात, आणि देताना वाटतं निरोप देतायत.

१८ डिसेंबर, गुरुवार
तोंडाने होणार नाही. त्यांच्याही नाही, माझ्याही नाही. पिक्चरमधल्यासारखी पाच मिनिटं बोलत उभी राहिले तर मला चक्कर येईल.

कपाटात त्यांची कोरी स्लिपबुकं असतात, मागच्या कागदावर हिशोबाची बेरीज-वजाबाकी करतात. एक पान फाडलं.

वस्तू: फॅमिली व्हिसाचा फॉर्म.
नग: १.
कशासाठी: इथे पेन अडलं. भात लावला, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, मग लिहिलं. राहायला. अम्मा आता नाहीत. तेव्हा नाही म्हटलं ते सगळ्यांसमोर म्हटलं होतं.
एवढं त्या रेघेत बसलं नाही, मागच्या बाजूला गेलं.
खाली सही केली. पूर्ण, मराठीत. किती वर्षांनी.

स्लिप खोक्याच्या तोंडावर ठेवली, दुधाच्या डब्याखाली दाबून. उद्या नमाजनंतर टेप लावणार आहेत.

१९ डिसेंबर, शुक्रवार
विमान उद्या दुपारी.

ओट्यापाशी उभी राहून लिहितेय. ते आलेत, चपला काढल्यात. आज डबी लावली नाही. टेपचा रोल घेऊन खोक्यापाशी बसलेत, दाराच्या फटीतून पाठ दिसते. ब्लँकेट दाबलं. खजूर सरकवले. दुधाचा डबा उचलला.

थांबले.

उजेडाकडे धरून बघतायत. दिसत नाही. उठले, चष्मा शोधतायत. चष्मा इथे माझ्या पुढ्यात, ओट्यावर, सकाळी मीच पुसून ठेवलेला. आता आत येतील. नाही, मीच नेऊन द्यावा का?

आले. चष्मा घेतला. माझ्याकडे बघितलं नाही. बाहेर गेले.

फॉर्म मिळेल की नाही ठाऊक नाही. एका दिवसात काय होतं? कदाचित जावं लागेल आणि परत यावं लागेल. कदाचित कंपनी नाही म्हणेल. सानियाला काय सांगायचं, घराच्या किल्ल्या कोणाकडे, काही ठरलेलं नाही. फ्रीजरला अजून खुर्ची टेकवलेली आहे.

पुढची बाजू वाचून झाली. कागद उलटवल्याचा आवाज. आता मागची.

पोटात काहीतरी होतंय. अजीर्ण नाही.

उभे राहिलेत वाटतं, सांधे वाजले. घसा साफ केला, काउंटरवर करतात तसा. आणि नाव वाचलं, माझं, मोठ्याने.

मी हलले नाही. हातात पेन तसंच.

मग दुसऱ्यांदा, जरा हळू.

"शमीम."